माझ्या नावाची गाडी

आमच्याकडं परीक्षा आणि टँकर एकाच मोसमात येतात. बाकीच्या मुलखात मार्च-एप्रिल म्हणजे पळस, मोहर, कोकिळा, आणखी काय काय असेल ते असो. मराठवाड्यात या दिवसांत पोरींच्या एका हातात हॉलतिकीट असतं आणि दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. यंदाही नांदेडला आमच्या कॉलनीत नळ पाचव्या दिवशी येऊन राहिला. माझी लेक श्रावस्ती आतल्या खोलीत जीवशास्त्र घोकायची आणि मी गच्चीवर टाकीचं झाकण उघडून तळ बघायची. टाकीच्या तळातून तो कोमट, शेवाळलेला वास वर आला की माझं डोकं सणकतं. जुने वास आले की लोकांना गहिवरून येतं म्हणे. मला राग येतो.

हा राग बावीस वर्षांचा आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासते. स्वतःचं तपासलं तर त्यात काय निघंल ते मला माहीत आहे.

तेव्हा आम्ही लातूरकडच्या मुरुडला होतो. माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. उंच, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. जयंतीच्या दिवशी विहारासमोरच्या स्टेजवर त्यांचं भाषण ठरलेलं असायचं. "पोरींना शिकवा. पोरगी शिकली तर दोन घरं शिकतील," असं म्हणून ते स्टेजवरून माझ्याकडं बोट करायचे आणि सगळी गल्ली माझ्याकडं बघायची. मी लातूरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. रोज एसटीनं जायचे, जाताना उभी, येतानाही उभी.

घरात एक जुनी हातगिअरची स्कूटर होती. ती चालू करायची म्हणजे आधी तिला एका अंगावर कलंडवायचं, मग सरळ करायचं, मग लाथा घालायच्या. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर एकत्र, मनगट पिरगाळून पहिला-दुसरा टाकायचा. मी एकदा नुसता हात लावला तर अण्णा म्हणाले, "हे बायामाणसाचं काम न्हाई." खरं सांगायचं तर ते त्यांचंही काम नव्हतं. चढाला ती बंद पडायची आणि मास्तर घामाघूम होऊन ढकलत यायचे.

मग बिनगिअरच्या गाड्या आल्या. कुठल्याही कंपनीची असो, आमच्याकडं तिला स्कुटीच म्हणायचे. ना क्लच, ना गिअर, ना कलंडणं. मूठ पिळली की पळते, ब्रेक दाबला की थांबते. बाजारपेठेतले बाप्ये हसले, "ही काय गाडी हाय व्हय? बायकायची सायकल हाय." माझा थोरला भाऊ मिलिंद सगळ्यात जास्त हसला. आणि अण्णांनी त्याच वर्षी दिवाळीला ती आणली. जांभळट निळी. अंगणात उभी करून म्हणाले, "सुजे, ही तुझी. आता एसटीचे धक्के बंद."

मी रडले होते. आनंदानं! हे लिहिताना आत्तासुद्धा माझी मलाच कीव येते.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी गाडी रेडियमवाल्याकडं नेली आणि पुढच्या बाजूला माझं नाव टाकून आणलं. लाल-पिवळ्या अक्षरांत 'सुजाता', दोन्ही बाजूंनी एकेक कमळ. आमच्याकडं हे सगळेच करतात. लेकीचं नाव गाडीवर, लेकीचं नाव दुकानावर, लेकीचं नाव घराच्या कमानीवर. कौतुकच असतं ते, नाही असं नाही. पण नाव टाकलं की देणं झालं असं त्यांना वाटतं आणि किल्ली कुणाच्या खिशात आहे ते कुणी बघत नाही.

किल्ली मिलिंदच्या खिशात होती. बायकांची सायकल म्हणून हसणारा हा गडी आठ दिवसांत तिच्यावरून उतरेना. मी मागितली की आई म्हणायची, "पडशील. हात-पाय मोडून घेशील, मग कोण करंल तुला?" अण्णा म्हणायचे, "परीक्षा होऊ दे, मग निवांत शीक." आणि मिलिंद सीटवर बसल्याबसल्या आरशात भांग पाडायचा. मग माझं नाव गावभर फिरायला लागलं. पानटपरीपुढं माझं नाव उभं, बार्शी रोडच्या ढाब्यावर माझं नाव उभं, टॉकीजबाहेर माझं नाव उभं. मैत्रीण विचारायची, "काल तू सिनेमाला आलतीस का गं? गाडी दिसली तुझी." मी तेव्हा एसटीच्या दांडीला लोंबकळत होते. एकदा एसटीच्या खिडकीतून मला माझंच नाव बाजूनं पुढं जाताना दिसलं. मिलिंदनं हातसुद्धा केला. काय बोलावं!

त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता घरचा बोअर कोरडा पडला. मोटर चालू केली की नुसती हवा फुसफुसायची आणि नळातून तांबडी माती थुंकल्यासारखी यायची. टँकर बाजाराच्या मैदानात उभा राहायचा, घरापासून चांगला लांब. सकाळी उन्हं यायच्या आत तिथं रांग लागायची. त्या रांगेचे आवाज माझ्या कानातून अजून जात नाहीत. कॅनवर कॅन आपटतायत, टँकरच्या पाइपातून पाण्याची धार पत्र्यावर पडल्यासारखी वाजतेय आणि बायका एकमेकींच्या सात पिढ्या काढतायत. माणसं फार चांगली होती आमच्या गल्लीतली, पण पाण्यापुढं कुणी चांगलं राहत नाही. पहिले तीन दिवस मिलिंदनं गाडीवर पाणी आणलं. चौथ्या दिवशी त्याची कंबर धरली. पाचव्या दिवशी त्याला लाज वाटायला लागली, कारण रांगेत सगळ्या बायाच.

आणि त्या सकाळी अण्णांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. म्हणाले, "शीक."

चार महिने मी पडणार होते, हात-पाय मोडून घेणार होते, परीक्षा आधी होणार होती. त्या एका सकाळी सगळं बदललं. दहा मिनिटांत शिकवलं मला. ही मूठ, हा ब्रेक, हे बटण. बटण नाही लागलं तर ही किक. झालं! एवढंच होतं ते! त्यासाठी मला चार महिने एसटीच्या दांडीला लोंबकळत ठेवलं होतं.

पण मी शिकले ती पाण्याचा कॅन घेऊनच. एक कॅन पुढं पाय ठेवायच्या जागेत, दुसरा मागच्या सीटवर सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळलेला. पुढं कॅन असला की पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून दोन्ही पाय बाहेर, दोन्ही बाजूंना फाकवून जमिनीच्या वर तरंगत ठेवायचे. वळणावर कॅन हलतो, पाणी डुचमळतं, गाडी एका अंगाला ओढते, मग पाय खाली टेकवत टेकवत सावरायचं. माझ्या त्या उन्हाळ्यातल्या सगळ्या चपला अंगठ्याशी झिजल्या. रोज चार खेपा, पाय बाहेर. गाडी अशीच चालवतात, असंच माझ्या अंगाला कळलं.

एक कबूल करते. ज्या कुणी ही गाडी घडवली त्याच्या डोक्यात बाई होती. तिकडं कुठल्या तरी कारखान्यात कागदावर रेघा मारत बसलेल्या माणसाला सुचलं, की हिच्या अंगावर साडी असते, तर मधली दांडी काढून टाकावी, पाय सरळ ठेवायला सपाट जागा करावी. त्याला सुचलं की हिच्या हातात पिशवी असते, तर पुढं हुक द्यावा. पुढं तर वर्षावर्षाला त्याला सुचतच गेलं. मी या गाड्या बावीस वर्षं बघत आले, तीन वापरल्या. किकनं पोटरी दुखते म्हणून बटण सुधारलं. पेट्रोल भरताना खाली उतरा, पिशव्या उतरवा, पोरगं उतरवा, सीट उघडा, असला ताप होता, तर झाकण बाहेर आलं. एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागायला लागला. घाईत स्टँड वर घ्यायचा राहिला तर आताची गाडी चालूच होत नाही. डिकीत दिवा आला, मोबाइलला चार्जिंग आलं, पत्रा जाऊन अंग हलकं झालं. आता तर बॅटरीवरची आली, आवाजसुद्धा नाही. लोखंडाला, प्लास्टिकला अक्कल येत गेली हो! आमच्या घरातल्या माणसांना येईना. आणि इतकं सगळं सुचलेल्या त्या शहाण्यालाही एक सुचलं नाही. ती सपाट जागा मोकळी दिसली, की घरातले तिथं कॅन ठेवणार, गॅसची टाकी ठेवणार, ज्वारीचं पोतं ठेवणार आणि बाईचे पाय बाहेर काढणार.

केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल एप्रिलच्या सुरुवातीला होतं. सकाळी साडेदहाला, लातूरला. बाहेरचे परीक्षक येणार होते. लेखी पेपर वाईट गेला तर पुन्हा देता येतो, पण प्रॅक्टिकलला गैरहजर म्हणजे वर्ष गेलं. मला फर्स्ट क्लास हवा होता, एमएस्सी करायचं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. जयंती प्रॅक्टिकलच्या आधी आली असती तर अण्णांनी स्टेजवरूनही सांगून टाकलं असतं.

एव्हाना टँकर रोज येईनासा झाला होता. नेमका त्याच सकाळी आला. तीन दिवसांनी. मी वही घेऊन एसटीला निघालेच होते. आई चुलीपुढून म्हणाली, "सुजे, जाता जाता तेवढं पाणी आणून टाक."

जाता जाता! बाईच्या जातीला कधी नुसतं जाताच येत नाही. जाता जाता दळण टाक, जाता जाता डबा दे, जाता जाता पाणी आण. मी म्हणाले, "आई, प्रॅक्टिकल हाय माझं. मिल्याला सांग." मिलिंद पांघरुणातून म्हणाला, "कंबर." मी अण्णांकडं बघितलं. ते ओसरीवर पेपर वाचत बसले होते. पेपर खाली आला नाही. मग किल्ली उचलली, वही डिकीत टाकली.

दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला रांगेत भांडण पेटलं. कुणी कुणाचा नंबर मोडला आणि टँकरवाल्यानं पाइपच बंद केला. ऊन तापलं. माझी एसटी गेली. पुढच्या एसटीनं काही उपयोग नव्हता. शेवटी नंबर लागला, दोन्ही कॅन भरले, एक पायात ठेवला, एक मागं बांधला. मैदानाच्या तोंडाशी आले. डावीकडं घर, उजवीकडं लातूर.

मी गाडी थांबवली. ट्यूब सोडली. दोन्ही भरलेले कॅन रस्त्याच्या कडेला ठेवले. एक बाई ओरडली, "अगं माय, पाणी सोडून कुठं चाललीस?" मी उजवीकडं वळले.

त्या दिवसाआधी मी मैदानाच्या पुढं गाडी कधी नेली नव्हती. लातूर तिथून चांगलं तीसेक किलोमीटर. मागून ट्रक आला की गाडी हलायची. सलवार गुडघ्यापर्यंत ओली, त्यावर रस्त्याची धूळ बसून चिखल वाळत होता. दोन्ही बाजूंना काळी भेगाळलेली रानं, कडुलिंबाच्या बारक्या फुलांचा कडवट गोड वास आणि तोंडावर भट्टीसारखी हवा. मी मोठमोठ्यानं शिव्या देत चालले होते. आईला, मिल्याला, अण्णांना, टँकरला. हेल्मेट नव्हतं, ऐकायलाही कुणी नव्हतं. आयुष्यात इतकं मोकळं मला पुन्हा कधी वाटलं नाही. एका ट्रकचा क्लीनर खिडकीतून बाहेर वाकून ओरडला, "ओ ताई, पाय आत घ्या की!" तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. पुढं कॅन नव्हता. जागा मोकळी होती. आणि तरी मी दोन्ही पाय बाहेर फाकवून मुरुडपासून चालले होते. मी पाय आत घेतले तर गाडी डगमगायला लागली, तोल सावरेना. परत बाहेर काढले. तशीच पोचले.

परीक्षकांनी घड्याळ दाखवलं, पण बसू दिलं. अर्धा तास गेला होता. गाडीची मूठ धरून धरून बोटं इतकी आखडली होती की ब्युरेटच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचे तिथं धार सुटायची. तीनदा रंग हवा त्यापेक्षा गडद झाला. पास झाले. सेकंड क्लास. चार-दोन मार्कांनी फर्स्ट क्लास गेला आणि त्याच्या मागं एमएस्सी गेलं. पुढं लॅबचा कोर्स केला, नोकरी लागली, लग्न होऊन नांदेडला आले. वाईट काही झालं नाही, लोकांच्या भाषेत.

त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा गल्लीत सगळ्यांना कळलेलं होतं, मास्तरची पोरगी पाणी टाकून पळाली. दोन्ही कॅन कुणीतरी नेले होते. आई म्हणाली, "दोन कॅन घालवलेस." प्रॅक्टिकल कसं गेलं हे कुणी विचारलं नाही. अण्णांनी हात पुढं केला, मी किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवली, त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली. मृगात बोअरला पाणी लागलं आणि माझं नाव परत मिलिंदबरोबर बार्शी रोडला फिरायला लागलं. आई जाईपर्यंत त्या दोन कॅनचा विषय काढत होती. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले होते, आताही आहे.

यंदा श्रावस्तीला अठरा पूर्ण झाले. बारावीनंतर तिनं एक वर्ष थांबून डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास केला. मी ठरवलं होतं, हिला गाडी घ्यायची आणि किल्ली पहिल्या दिवसापासून हिच्याकडं. नवरा हिमायतनगरला नोकरीला, रेल्वेनं अप-डाऊन करतो, त्याला सुट्टी मिळाली नाही. अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडं आलेले, तेच सोबत आले. शोरूममध्ये फोटोसाठी पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली असते ना, ती सेल्समननं कुणाला द्यावी? गाडी पोरीची, घेणारी मी. त्यानं ती अण्णांच्या हातात दिली. काळा चष्मा लावलेला, समोरचं धड न दिसणारा म्हातारा, पण तिथं पुरुष तेवढा एकच! मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि श्रावस्तीला दिली. मग सेल्समन म्हणाला, "मॅडम, साडी गार्ड आणि मागं लेडीज पायदान बसवलंय, कॉम्प्लिमेंटरी." मी म्हणाले, "चालवणारी लेडीज हाय. मागं कोण बसणार ते आम्ही बघू." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करून राहिले.

रस्त्यात माझ्या मागं बसलेले अण्णा म्हणाले, "रेडियमवाल्याकडं थांबू. नातीचं नाव टाकू पुढं."

"काही टाकायचं न्हाई!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला. अण्णांना काहीच कळलं नाही आणि माझा संताप आणखी वाढला.

मी कुठं गाडी घेऊन निघाले की श्रावस्ती अजून मागून ओरडते, "मम्मी, पाय आत घे! बदकासारखी काय चालवतीस?" मी पाय आत घेते. पुढच्या चौकापर्यंत ते आपोआप बाहेर आलेले असतात.

तिच्या परीक्षेच्या दिवशी ती म्हणाली, "मी एकटी जाणार, माझ्या गाडीवर." मला बरं वाटलं. सेंटर गावाबाहेर, दुपारी पोचायचं होतं. सकाळपासून मी धावत होते. तिला दहीभात, हॉलतिकीट, फोटो, अण्णांच्या डोळ्यात ड्रॉप, माझी ड्युटी. माठात पाणी तळाला गेलेलं. ती गेटपाशी गाडी चालू करत होती आणि मी स्वयंपाकघरातून, हात पुसत पुसत, रिकामा जार घेऊन बाहेर आले.

"श्रावू, जाता जाता तेवढा जार पाण्याच्या प्लँटवर भरायला ठेव गं. बारानंतर बंद होतो."

तिनं जार घेतला, पुढं पाय ठेवायच्या जागेत ठेवला आणि दोन्ही पाय बाहेर काढले.

मी ते पाय बघितले. तरीही मला काही कळलं नाही, खोटं कशाला बोलू. मी वळून आत चालले होते. ओसरीवरच्या खुर्चीतून, काळ्या चष्म्याआडून अण्णा म्हणाले, "सुजे, पेपर हाय ना आज पोरीचा?"

मी जागच्या जागी उभी राहिले. मग धावले, तिच्या पायातला जार ओढून काढला. म्हणाले, "जा. नुसती जा." ती हसली, पाय आत घेतले, मूठ पिळली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी तिच्या पायांकडंच बघत होते. आत होते.

मग मी अण्णांकडं वळले. बावीस वर्षं दाबून ठेवलेलं एकदम वर आलं. "अण्णा, हेच तेव्हा कामून न्हाई म्हणालात? ओसरीवर तुम्ही बसलेच होतात! एवढंच बोलायचं होतं!"

आजवर मी त्यांच्या वतीनं कितीतरी उत्तरं तयार करून ठेवली होती. घरात पाणी लागत होतं. आईला बरं नव्हतं. तेव्हाचा जमानाच तसा होता. प्रत्येकाला माझ्याकडं चोख जवाब होता. अण्णांनी चष्मा काढला, ऑपरेशनचा लाल डोळा पुसला आणि खाली बघत म्हणाले, "सुचलं न्हाई, बाई."

माझ्या हातात अजून तो रिकामा जार होता. तो काखेत मारला आणि तशीच उन्हात प्लँटकडं चालत निघाले. मला तरी कुठं सुचलं होतं?